व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? परभणीत वर्षभर दोन्ही ॲम्प ऐकल्यावर

परभणीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दिवसभर सबमर्सिबल मोटारी, स्टॅबिलायझर, वेल्डिंगचे ट्रान्सफॉर्मर. रात्री शटर ओढल्यावर गाणं. त्यामुळे गाणं ऐकणारे मला विजेचं विचारतात आणि वीजवाले गाण्याचं. हल्ली दोघांकडूनही एकच प्रश्न येतो: घरी ऐकायला ॲम्प्लिफायर घ्यायचाय, व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा? व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती तापणारी काचेची नळी, ट्रान्झिस्टर म्हणजे तेच काम करणारा नंतरचा छोटा भाग. माझ्याकडे दोन्ही आहेत, एकाच टेबलावर, आलटून पालटून त्याच स्पीकरना लावतो. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा दोघांनीही माझ्याच घरात काढलाय, म्हणून आता लिहायला बसलो.

मत आधीच सांगतो. तुमच्याकडे नेहमीचे छोटे बुकशेल्फ स्पीकर असतील तर व्हॉल्व्हच्या वाटेला जाऊ नका. स्पीकर थोड्या वॅटमध्ये मोठ्याने वाजणारे असतील, ऐकणं मुख्यतः गळ्याचं असेल आणि घरची वीज स्थिर असेल किंवा ती स्थिर करून घ्यायची तयारी असेल, तर व्हॉल्व्ह जरूर घ्या. तो खर्च तुम्हाला टोचणार नाही.

ट्रान्झिस्टरवाला म्हणजे यामाहाचा ए-एस ३०१. ८ ओहमला चॅनेलमागे ६० वॅट, वजन नऊ किलो. मागे रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट, टीव्हीसाठी ऑप्टिकल, पुढे बास-ट्रेबलच्या शेजारी लाउडनेसचं स्वतंत्र बटण. त्या बटणाबद्दल पुढे बोलणार आहे, कारण माझ्या मते या ॲम्पमधली सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे.

व्हॉल्व्हवाला एका कारागिराने ऑर्डरप्रमाणे हाताने बांधून दिलेला. चार ईएल ३४ व्हॉल्व्ह, म्हणजे चॅनेलला दोन, पुश-पुल जोडणीत (दोघे आलटून पालटून लाट ओढतात). पुढच्या टप्प्यांना ईसीसी ८३ आणि ईसीसी ८२ हे छोटे व्हॉल्व्ह. ताकद चॅनेलला तीसेक वॅट. वजन वीस किलोच्या वर आणि किंमत यामाहाच्या दुपटीच्या वर.

ट्रान्सफॉर्मर हा माझा धंदा, म्हणून खालचा पत्रा उघडून आधी तेच बघितले. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. या दोघांची गाठ घालून देतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ईएल ३४ च्या जोडीला ६,६०० ओहम दाखवायचे तर ८ ओहमशी प्रमाण झालं ८२५ ला १, आणि वेढ्यांचं प्रमाण त्याचं वर्गमूळ, म्हणजे २९ ला १ च्या आसपास. हा हिशेब कुठलाही वायंडर करील. खरं कठीण पुढे आहे. मोटारीच्या वायंडिंगला एकट्या ५० हर्ट्झला सांभाळायचं असतं. याला डग्ग्याच्या घुमाऱ्यापासून मंजिरीच्या किणकिणीपर्यंत सगळं, २० ते २०,००० हर्ट्झ. खालचे सूर भरदार यायचे तर वेढे जास्त आणि कोर मोठा लागतो. वेढे वाढवले की वरचे सूर गळायला लागतात. म्हणून प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची गुंडाळी, एकदम न गुंडाळता तिचे भाग करतात: थोडी प्रायमरी, त्यावर सेकंडरी (स्पीकरकडची), परत प्रायमरी, परत सेकंडरी, प्रत्येक थरामध्ये कागद. या माणसाने ते मनापासून केलंय. कागदाच्या कडा एका रेषेत, टॅपिंगच्या प्रत्येक वायरीवर स्लीव्ह, वार्निश बाहेरून फासलेलं नाही, आतपर्यंत मुरलेलं. लॅमिनेशन, म्हणजे कोरचे पातळ पत्रे, इतकं घट्ट बसवलंय की पुठ्ठ्यावर कान टेकवून ऐकलं तरी गुणगुण नाही. मी ते बराच वेळ नुसतं बघत बसलो होतो.

व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये पैसा कुठे जातो असं विचाराल तर तो इथे जातो, लोखंडात आणि तांब्यात. काचेचा व्हॉल्व्ह कधीही बदलता येतो, हलक्या दर्जाचा ट्रान्सफॉर्मर बदलायचा म्हणजे ॲम्पच नवा करायचा. स्वस्तातल्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये काटकसर नेमकी इथे केलेली असते, आणि फोटोत ती दिसत नाही, कारण नारिंगी उजेड सगळ्यांचा सारखाच.

आता स्पीकर. माझ्याकडे दोन जोड्या आहेत. एक दुकानातून आणलेली साडेपाच इंची बुकशेल्फ, सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल. दुसरी मी करून घेतलेली: बारा इंची कागदी कोनचा ड्रायव्हर, वर हॉर्न ट्वीटर, पेटी ओळखीच्या सुताराकडून १९ मिलिमीटर प्लायची. ती ९५ डेसिबलची. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर पहिली ८६ डेसिबल देते, दुसरी ९५. नऊचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. नऊ डेसिबलला आठपट झाले. दुसरी जोडी जो आवाज ३ वॅटमध्ये देते, त्याला पहिली २४ वॅट मागते. शांत आलापीला अर्धा वॅटसुद्धा लागत नाही हे खरं, पण पखवाजावर थाप पडली की त्या क्षणापुरती मागणी कितीतरी पटींनी वाढते, आणि तीस वॅटचा ॲम्प तिथे दमतो.

आमच्याकडच्या भजनी मंडळाचं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मंदिराच्या सभामंडपात केलेलं, पखवाज, पेटी आणि मंडळातल्या प्रत्येकाच्या हातात टाळ. बुकशेल्फवर व्हॉल्व्हने ते जरा मोठ्याने लावलं की टाळांचा एकच चिखल होतो, कोण कुठे उभा आहे ते कळेनासं होतं. यामाहा त्याच स्पीकरवर तेच भजन सरळ उभं करतो. पखवाज एका जागी, टाळ दोन्ही बाजूंना सुटे सुटे. ज्यांच्याकडे असे स्पीकर आहेत त्यांच्यापुरता विषय इथे संपला. बाकीच्यांसाठी पुढे लिहितो.

दोन ॲम्पची तुलना करताना एक पथ्य पाळलंच पाहिजे: आवाज अगदी सारखा हवा. अर्धा-एक डेसिबलने मोठा असलेला ॲम्प प्रत्येकाला चांगलाच वाटतो, कशामुळे ते कळत नाही. मी मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सूर लावतो, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावतो आणि दोन्ही ॲम्पचं व्हॉल्यूम असं ठेवतो की मीटरवर बरोबर १ व्होल्ट येईल. ८ ओहमला १ व्होल्ट म्हणजे एक अष्टमांश वॅट. मोठ्या स्पीकरवर माझं रात्रीचं ऐकणं साधारण एवढ्यावरच असतं. दुकानात जाऊन ऐकणार असाल तर मीटर खिशात घालून न्या. कोणी हसलं तर हसू द्या.

असं जमवून पहिल्यांदा लावलं ते मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं, मोठ्या स्पीकरवर. सोबत शाळेतले संगीताचे गुरुजी बसले होते. त्यांच्याकडे पाठ करून मी वायरी बदलत होतो, कुठला ॲम्प ते सांगत नव्हतो. व्हॉल्व्हवर आल्याबरोबर ते म्हणाले, "ह्यात बुवा जवळ येऊन बसल्यावाणी वाटायलेत." मलाही तेच वाटलं. गळ्याला आकार येतो, तानपुरा मागे नुसता पसरून न राहता गवयाच्या भोवती उभा राहतो. मग किशोरीताई लावल्या. वरच्या षड्जावर त्यांचा आवाज थांबतो तिथे यामाहावर सूर स्वच्छ होता, व्हॉल्व्हवर तो स्वच्छ असून वर जरा ऊबदार होता. तबल्याचं मात्र उलटं. डग्ग्यावरची मींड यामाहावर जिथे संपायला हवी तिथे संपते, व्हॉल्व्हवर ती थोडी रेंगाळते. झोपाळा हाताने धरून थांबवणं आणि त्याला आपोआप थांबू देणं, एवढा तो फरक आहे. गुरुजी तबलाही शिकवतात. तबल्याला त्यांनी न विचारता यामाहाच निवडला.

याचं कारण आउटपुट इंपिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला विरोध. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा तो ओहमच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका असतो, व्हॉल्व्हच्या ॲम्पचा एक-दोन ओहम सहज असतो. स्पीकर ८ ओहमचा म्हणतो आपण, पण तो सगळ्या सुरांना ८ नसतो. बासच्या ठरावीक जागी तो ३० ओहमपर्यंत चढतो, मधल्या कुठल्याशा जागी ५-६ वर उतरतो. यामाहाला त्याने फरक पडत नाही, दोन्हीकडे तो तेवढंच व्होल्टेज धरून ठेवतो. २ ओहमच्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये गणित बदलतं: जिथे स्पीकर ३० ओहम आहे तिथे त्याच्या वाट्याला ९४ टक्के व्होल्टेज येतं, जिथे ८ आहे तिथे ८० टक्के. म्हणजे बासच्या त्या जागी सव्वा डेसिबलहून जास्त उठाव. या उठावाला लोक व्हॉल्व्हचा गोडवा म्हणतात, निदान त्यातला बराचसा भाग हाच आहे.

माझं म्हणणं मी तपासून बघितलं. दुकानात २.२ ओहमचे दहा वॅटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर पडलेले असतात. यामाहा आणि स्पीकर यांच्यामध्ये प्रत्येक चॅनेलला एक रेझिस्टर सिरीजमध्ये लावला, मीटरने पुन्हा १ व्होल्ट जमवला आणि गुरुजींना परत बसवलं. डग्गा लगेच व्हॉल्व्हसारखा रेंगाळायला लागला. एकट्या गळ्याला, हळू आवाजात, व्हॉल्व्ह कुठला आणि रेझिस्टर लावलेला यामाहा कुठला हे त्यांना खात्रीने सांगता आलं नाही. मलाही नाही. चहाच्या किमतीत होणारा हा प्रयोग ज्याला व्हॉल्व्हची ओढ आहे त्याने आधी करावाच. रेझिस्टर तापतो, तेवढा पडद्यापासून आणि लाकडापासून लांब ठेवावा.

यात मी काही नवं शोधलं असं नाही. बॉब कार्व्हर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९८५ साली स्टिरिओफाइल मासिकाच्या संपादकांना पैज लावल्यासारखं सांगितलं होतं की तुमच्या आवडीच्या महागड्या ॲम्पसारखाच आवाज मी माझ्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून काढून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत बसून, दोन्ही ॲम्पच्या आउटपुटमधला फरक मोजत मोजत त्याने तो शून्याजवळ आणला, आणि संपादकांना दोघांतला फरक ओळखता आला नाही. समोरचा तो ॲम्प व्हॉल्व्हचा होता.

तरी रेझिस्टरने सगळं मिळत नाही. जरा मोठ्या आवाजात, तिन्ही सप्तकांत फिरणाऱ्या गळ्याला व्हॉल्व्हचं काहीतरी वेगळं उरतंच. इथे दुसऱ्या हार्मोनिकचं कारण नेहमी पुढे केलं जातं (हार्मोनिक म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सोबतचे सूर). ते काय आहे ते गाणाऱ्याला चटकन समजेल. षड्ज लावला तर त्याचा दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्ज, तिसरा म्हणजे तार सप्तकातला पंचम, पाचवा म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. खर्जाची तार नीट जुळली की तानपुऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच पाचवा. म्हणजे ॲम्पने स्वतःच्या पदरचा थोडा दुसरा हार्मोनिक घातला तरी तो सुरातच पडतो, कानाला खुपत नाही. सातवा मात्र आपल्या कुठल्याच स्वरात बसत नाही, तो थोडासा आला तरी आवाज कर्कश होतो. हे सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते: पुश-पुल जोडणीत आउटपुट व्हॉल्व्हचे सम हार्मोनिक एकमेकांना मारतात. तो दुसऱ्या हार्मोनिकचा रंग भरपूर हवा असेल तर सिंगल-एंडेड ॲम्प घ्यावा लागेल, चॅनेलला एकच व्हॉल्व्ह, आणि त्याची ताकद असते ५ वॅट, ८ वॅट अशी. माझ्यासारख्या पुश-पुलमध्ये जो फरक उरतो, तो माझ्या मते दमल्यावर ॲम्प कसा वागतो याचा आहे. मर्यादेच्या बाहेर गेला की ट्रान्झिस्टर लाट सपाट कापतो, व्हॉल्व्ह आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर तिचे कोपरे गोल करतात. तान वर गेल्यावर व्हॉल्व्ह ओरडत नाही तो यामुळे.

आणि आता ते लाउडनेसचं बटण. आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खालचे सूर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलं. रात्री अकरा वाजता, घरातली माणसं झोपलेली असताना ऐकणाऱ्याला यामुळे ट्रान्झिस्टर ॲम्प रोडावलेला वाटतो आणि व्हॉल्व्हचा भरलेला, कारण व्हॉल्व्हच्या बासला तो सव्वा डेसिबलचा उठाव आयताच मिळालेला असतो. यामाहाचं लाउडनेस फिरवलं की मधले सूर हळूहळू कमी होतात आणि खालच्यांना जागा मिळते. इतर ॲम्पवर असतं तसं चालू किंवा बंद एवढंच नाही, हवं तेवढं फिरवता येतं. व्हॉल्यूम आधी नेहमीच्या मोठ्या ऐकण्यावर ठेवायचं आणि मग आवाज या बटणाने उतरवायचा. असं केलं की रात्रीच्या ऐकण्यात माझी व्हॉल्व्हची आठवण निम्म्याहून कमी होते.

वीज हा परभणीत राहणाऱ्यासाठी गाण्याइतकाच मोठा विषय आहे. आमच्या भागात संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज १९० च्या घरात येतं आणि मध्यरात्रीनंतर २५० वर चढतं. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, दहा टक्के इकडेतिकडे चालतात. २३० वर बसवलेला ट्रान्सफॉर्मर १९० ला ५.२ व्होल्टच देतो. आवाज मलूल होतो, व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. २५० ला हीटरवर ६.८५ येतात, आणि प्लेटचे ४०० व्होल्ट ४३५ होतात, त्याने व्हॉल्व्ह तापतात. यामाहा या सगळ्यात काही न बोलता वाजत राहतो. व्हॉल्व्ह घेणार असाल तर सर्व्हो स्टॅबिलायझर धरूनच किंमत काढा. रिलेचा नको, तो टप्प्याटप्प्याने बदलतो आणि प्रत्येक वेळचा ठोका स्पीकरमधून ऐकू येतो. सर्व्होची मोटार फिरताना घरघरते, म्हणून तो शेजारच्या खोलीत ठेवावा. हे मी स्टॅबिलायझर विकतो म्हणून सांगत नाही. जळालेले ट्रान्सफॉर्मर माझ्याकडेच येतात म्हणून सांगतो.

इन्व्हर्टरवर तर विचारूच नका. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर व्हॉल्व्हचा पॉवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तो आवाज गाण्यात मिसळतो. साइन वेव्ह असेल तर वाजेल, पण माझा ॲम्प गाणं चालू नसतानाही दीडशे वॅटच्या आसपास ओढतो. रोज तीन तास धरले तर महिन्याला साडेतेरा युनिट. बिलाला ते जड नाही, पण लाइट गेल्यावर पंख्यांसाठी राखलेली बॅटरी त्यात घालणं घरात कोणालाच पटणार नाही, आणि पटू नये.

ते दीडशे वॅट शेवटी खोलीतच सुटतात. डिसेंबरात परभणीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा या ॲम्पजवळ बसणं हे सुखच असतं, आणि गाणं त्या दिवसांत जितकं छान लागतं तितकं एरवी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४३ अंश असताना त्याच खोलीत कूलर लावावा लागतो. कूलरच्या घरघरीत तानपुरा बुडून जातो, मग कुठला व्हॉल्व्ह आणि कुठला ट्रान्झिस्टर. बंद करून ऐकावं तर बायको म्हणते, "अहो, कूलर बंद करून गाणं ऐकायलाव, लेकरं घामानं भिजायलीत." तिचं खरं आहे. उन्हाळ्याचे तीन महिने माझा व्हॉल्व्ह ॲम्प सुती कापडाखाली असतो आणि यामाहा वाजतो. मराठवाड्यात व्हॉल्व्ह घेताना तो वर्षातले नऊ महिनेच वापरायचा आहे हे धरून चाला.

देखभालीचं थोडक्यात. माझ्या ॲम्पला बायस, म्हणजे गाणं नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह, हाताने लावायचा असतो: प्रत्येक ईएल ३४ च्या कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर आहे, त्याच्यावर ४०० मिलिव्होल्ट दिसले की ४० मिलिअँपिअर झाले. व्हॉल्व्ह नवे असताना हे दर काही आठवड्यांनी बघावं लागतं, नंतर क्वचित. सेल्फ बायसचा ॲम्प घेतलात तर ही कटकट नाही, ताकद थोडी कमी मिळते. मीटर हाताळायची सवय नसलेल्याने तोच घ्यावा. आउटपुट व्हॉल्व्ह दोन-तीन हजार तास चालतात, पुढचे छोटे त्याच्या कितीतरी जास्त. नवे व्हॉल्व्ह स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचे, रशियातल्या सारातोव्हचे आणि चीनचे मिळतात. चार ईएल ३४ जुळलेले, एकाच संचातले मागावेत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह मराठवाड्यातल्या जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत अजून कुठे कुठे खोक्यात निघतात. हिंगोलीत एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर मला त्यांचे ईसीसी ८३ मिळाले, जुन्या सभेच्या ॲम्पसाठी आणून ठेवलेले. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारून बघितली. स्पीकरमधून टण्ण आवाज आला नाही, म्हणजे आतले भाग घट्ट आहेत. आज ॲम्पमध्ये तेच आहेत, आणि शांत आहेत.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून स्पष्ट सांगतो. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून इन्शुलेशन फुटतं. आणि बंद करून, प्लग काढूनसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट राहू शकतात. खालचा पत्रा हौस म्हणून उघडायचा नाही.

खोलीबद्दल एवढंच की आमच्याकडे खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब आणि भिंती उघड्या असतात. आवाज टोलवाटोलवी करत राहतो. स्पीकरसमोर जाड सतरंजी आणि पाठीमागच्या भिंतीला दोन गाद्या उभ्या केल्या तेव्हा जेवढा फरक पडला, तेवढा दोन ॲम्पमध्ये कधीच ऐकला नाही.

माझा भाचा नांदेडला राहतो. त्याने गेल्या महिन्यात फोन केला, "मामा, व्हॉल्व्हचा घेऊ का? पैसे साठलेत." स्पीकर कुठले ते विचारलं, ८६ डेसिबलचे बुकशेल्फ. फ्लॅट वरच्या मजल्यावर, लेकरू नुकतं धरून उभं राहायला लागलेलं. ईएल ३४ ची काच दोनशे अंशांच्या वर तापते. मी त्याला ट्रान्झिस्टरचा घ्यायला लावला, फोनो इनपुट असलेला, कारण आजोबांच्या एलपी रेकॉर्ड त्याच्याकडे आहेत. उरलेल्या पैशांत चांगलं कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचा भाग) आणि सतरंजी घे म्हणालो. व्हॉल्व्हची ओढ त्याची गेलेली नाही, ते मला कळतं. मोठे स्पीकर झाले की त्याच्यासाठी ईएल ८४ चा छोटा सिंगल-एंडेड बांधायचं ठरवलंय. लॅमिनेशन आलंय, बॉबिनही कापून ठेवलेत. यात प्रायमरीतून सतत डीसी (एकाच दिशेची वीज) वाहतो म्हणून पत्र्यांच्या दोन भागांत हवेची फट ठेवावी लागते, आणि ती किती ठेवायची यावर सध्या दुकानात संध्याकाळचं काम चालू आहे.